शेपटीवाल्या शब्दांच्या नंदाताई

बारामतीत भिगवण रस्त्याला, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. दिवसा एका कॉलेजात तासांवर शिकवायचो आणि संध्याकाळी साडेपाच ते सात हा क्लास. एमआयडीसीतून सुटलेले कामगार, नर्सिंगच्या मुली, बँकेच्या परीक्षा देणारे, असे पंधरा-वीस जण असायचे. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, काटक, साडीवर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला स्कार्फ आणि कोपरात अडकवलेलं हेल्मेट. मला वाटलं, कुणाची तरी आई आलीय.

"कुणाला भेटायचंय?"

"तुमालाच. क्लास लावायचाय."

"मुलाला का मुलीला?"

"मला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे शांतपणे पाहिलं, हसणाऱ्याशेजारची जागा रिकामी होती, तिथेच जाऊन बसल्या. ह्या नंदाताई कोकरे. राहायला काटेवाडीत आणि कामाला इंदापूरच्या बाजूला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. परदेशी जाणारी द्राक्षं तिथे निवडून, तोलून पेट्यांत भरतात. साठ बायकांवर त्या सुपरवायझर होत्या. दहावी नापास, तीही फक्त इंग्रजीत.

क्लास संपल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. द्राक्षाच्या पेटीचा कोपरा फाडलेला. त्यावर बॉलपेननं देवनागरीत लिहिलं होतं, गेट ऑन.

"सर, गेट म्हंजे मिळणं. ऑन म्हंजे वर. ह्ये मला म्हाईताय. मग गेट ऑन म्हंजे काय? गाडीत चढणं असं मोबाईल सांगतोय. पर तसं न्हाय बसत."

"कुठं ऐकलंत हे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. द्राक्षं विकत घेणाऱ्या कंपनीची हेलन नावाची इंग्रज बाई गेल्या आठवड्यात पॅकहाऊस पाहायला आली होती. तिनं पाण्याच्या टाक्या पाहिल्या, हातमोजे पाहिले, बायकांची जेवणाची खोली पाहिली, आणि मग नंदाताईंसमोर थांबून तिनं त्यांना काहीतरी विचारलं. 'गेट ऑन' एवढंच नंदाताईंना पकडता आलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मॅनेजर साळुंखे मध्ये पडले आणि "येस येस, व्हेरी गुड" म्हणून पाहुण्या बाईला पुढे घेऊन गेले.

"तिनं मला विचारलं, सर. माझ्या तोंडाकडं बघून. आन उत्तर दिलं साळुंख्यांनी. मागनं मी त्यांना इचारलं, काय म्हणत हुती? तर म्हणाले, काय न्हाय, असंच. आता ती बाई एवढ्या लांबनं इमानात बसून येती, मला थांबून इचारती, आन ते असंच असतंय व्हय?"

मी सांगितलं, "या बायकांशी तुमचं कसं जमतं, असं विचारलं असणार त्यांनी."

नंदाताईंनी पुठ्ठ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी सांगितलं असतं की. दुपारी मी हापिसात डबा खात न्हाय, बायकांच्यात बसून खाती. म्हणून जमतंय. नाव ठिवायचं आसल तरी त्या माझ्या तोंडावर ठिवत्यात." पुठ्ठा त्यांनी परत खिशात घातला. "ऱ्हायलं ते सांगायचं. ह्येच्याफुडं ऱ्हाता कामा नये."

फाडफाड बोलता यावं ही त्यांची इच्छाच नव्हती. समोरचा काय म्हणतोय ते स्वतःच्या कानानं कळावं आणि उत्तर स्वतःच्या तोंडानं द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. हेलन आणि तिच्यासारखी माणसं सोपं बोलतात म्हणून तर घोटाळा होतो, हे त्यांनी आल्याबरोबर ओळखलं होतं. "मोठा शब्द आसला की तो डिक्शनरीत घावतो. ह्ये गेट, पुट, टेक, ह्ये बारकेच शब्द मेले दगा देत्यात. म्होरं शेपटी लागली की वळखूच येत न्हाईत."

अशा शब्दांचं फ्रेझल व्हर्ब हे इंग्रजी नाव मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एकदा ऐकून घेतलं आणि कधीही वापरलं नाही. त्या त्यांना शेपटीवाले शब्द म्हणायच्या. महिन्याभरात सगळा क्लास तसंच म्हणायला लागला, आणि खरं सांगायचं तर मीही.

पण सुरुवातीला आमचं भांडण झालं. 'गिव्ह अप' वरून. गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, आणि दोन्ही मिळून सोडून देणं, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

"वर दिल्यावं सुटंल कसं? खाली टाकल्यावं सुटंल."

"ताई, त्याला कारण नसतं. त्या भाषेत तसं म्हणतात."

"कारण न्हाय आसं कसं? कुणीतरी पहिल्यांदा म्हणलंच आसंल की."

दोन दिवस त्या याच एका शब्दावर अडून होत्या. मागचे कंटाळले. तिसऱ्या दिवशी माझाही धीर संपला. मी म्हणालो, "ताई, तुम्ही विचार करू नका. सरळ पाठ करून टाका."

"थांबा सर. काय म्हणाला?"

"पाठ करून टाका."

"पाठ करून कुठं टाकू?"

त्या उभ्या राहिल्या. "न्हाय, खरंच इचारती. टाकणं म्हंजे फेकणं. मग करून टाक म्हंजे काय? देऊन टाक, बोलून टाक. फेकायला काय हाय त्यात?" त्या बोटं मोजायला लागल्या. "खाऊन घे. काय घे? सांगून बघ. सांगितल्यालं डोळ्यांना दिसतंय का? लिहून काढ. कुठनं काढू? आवं सर, आपल्यातबी शेपटी हाय की. आपण टाक, घे, बघ लावतो, ते अप, डाऊन, ऑफ लावत्यात. मग आता तक्रार न्हाय."

आणि बसल्या. इंग्रजी घेऊन मी एम.ए. झालो होतो. मराठी तर जन्मल्यापासून बोलत होतो. आपण दिवसभर 'करून टाक' आणि 'सांगून बघ' म्हणतो आणि परक्यानं ते कसं समजून घ्यायचं, हा विचार मला कधी शिवला नव्हता. त्या दिवसापासून फळ्याच्या डाव्या बाजूला आपले शेपटीवाले शब्द आणि उजव्या बाजूला त्यांचे, असं मी शिकवायला लागलो. मुलांना वर्षभर जे जमलं नव्हतं ते त्यानंतर जमायला लागलं. श्रेय मात्र क्लासच्या पाटीवर माझंच राहिलं.

शब्द लक्षात ठेवायची त्यांची रीत वेगळी होती. वहीत अर्थ लिहीत नसत, माणसं लिहीत. 'लुक आफ्टर' समोर शेजारच्या पारूआत्याचं नाव, कारण नणंदेची आजारी म्हैस ती स्वतःच्या दारात आणून सांभाळत होती. 'शो ऑफ' समोर नवी जीप घेतलेला त्यांचा चुलतदीर. 'टर्न डाऊन' समोर गल्लीतली एक मुलगी, जिनं तीन स्थळं नाकारली होती. 'ब्रेक डाऊन' म्हणजे विहिरीवरची मोटर. आणि 'पुट ऑफ' म्हणजे त्यांचे यजमान, दत्ताभाऊ.

"गोठ्याचा पत्रा गेल्या दसऱ्यापास्नं उद्या बदलायचाय," असं त्या वर्गाला सांगायच्या. "पुट ऑफ आमच्यात नांदतंय."

एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. काटेवाडीत रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर, पुढे सहा गाई, मागे ऊस. दत्ताभाऊ म्हणजे नंदाताईंच्या खांद्याला लागणारा, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. गोठ्याचा पत्रा खरोखरच एका बाजूनं लोंबत होता आणि त्यावर दोन दगड ठेवलेले होते. मी तिकडे पाहतोय हे बघून दत्ताभाऊ म्हणाले, "तुमच्या वर्गात माझं नाव झालंय म्हणं."

"थोडंसं," मी म्हणालो.

"चांगलंय. आमच्या घरात आता कुणी भांडत न्हाय, सर. ब्रेक अप, मेक अप चालतंय. सकाळी मी म्हणलं चहा संपला, तर ही म्हणती संपला न्हाय, रन आऊट झाला. म्हणलं, बरं, पळून गेलेला चहा धरून आण."

जेवणानंतर मी नंदाताईंची वही चाळली. रोज पाच वाक्यं लिहायची असा माझा नियम होता. एका पानावर इंग्रजीत लिहिलं होतं, रोज संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याकडे लुक डाऊन ऑन करते. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, मी संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढायला जाती, ह्ये खाली धार काढत आसत्यात, मी वरनं बघती. मी अवघडत सांगितलं की या शब्दाचा अर्थ तुच्छतेनं पाहणं असा होतो. दत्ताभाऊ हसून हसून भिंतीला टेकले. नंदाताईंनी वाक्य खोडलं, मग पेन थांबवून म्हणाल्या, "तसं दोनीबी खरंच हाय म्हणा." आणि खोडलेल्याच्या खाली दुसरं, बरोबर वाक्य लिहिलं.

आता मार्चातली ती गोष्ट, जिच्यामुळे पॅकहाऊसच्या परिसरात त्यांचं नाव झालं. मी त्या वेळी तिथं नव्हतो. पण नंदाताई, दत्ताभाऊ आणि पुढे खुद्द पॅकहाऊसचे मालक, तिघांकडून ऐकली आहे, आणि तिघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

हंगाम ऐन भरात होता. एका कंटेनरभर पेट्या भरून कोल्ड स्टोअरमध्ये तयार होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्या बंदराकडे निघायच्या होत्या. दुपारी दीडच्या सुमाराला साळुंख्यांच्या फोनवर हेलनचा आवाजी निरोप आला. बाई घाईत, मागे गाड्यांचा आवाज. साळुंख्यांनी दोनदा ऐकला आणि मालक भीमरावआबांना सांगितलं, "लोडिंग ऑफ झालं म्हणतीय. ऑर्डर गेली, आबा."

भीमरावआबा म्हणजे साठीचा, कामाला वाघ, पण इंग्रजी आलं की साळुंख्यांच्या तोंडाकडे पाहणारा माणूस. ते मटकन खुर्चीत बसले. ऑर्डर गेली म्हणजे तयार माल गेला आणि पुढच्या बागाही अडकल्या. त्यांनी लगेच ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मिळेल त्या भावात माल घेऊन जा म्हणाले. तासाभरात व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकात लागला. बायकांना निरोप गेला की पेट्या फोडून क्रेटमध्ये ओता, आणि उद्यापासून कामावर येऊ नका.

नंदाताई ऑफिसच्या दारात आल्या. "आबा, निरोप मला ऐकवा."

साळुंखे म्हणाले, "ताई, ऐकून काय करताय? ऑफ म्हणजे ऑफ. लाईट ऑफ करतो का नाही आपण?"

"ऐकवा की. कान माझं हायत, झिजले तर माझं झिजतील."

आबांनी मान हलवली. साळुंख्यांनी फोन टेबलावर ठेवला. नंदाताईंनी निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग म्हणाल्या, "पेट्या फोडायच्या न्हाईत. ती पुट ऑफ म्हणाली. रद्द करायचं आसतं तर कॉल ऑफ म्हणाली आसती. पुट ऑफ म्हंजे पुढं ढकाललं."

"तुला नक्की म्हाईत हाय?" आबांनी विचारलं. "नंदा, तू धावी नापास. साळुंखे बी.कॉम. हायत."

"आबा, पुट ऑफसंगं माझा पंचवीस वरसं संसार हाय. त्यात मी चुकायची न्हाय."

नंदाताईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर साठ बायका थांबलेल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आपण चुकलो तर दोन दिवसांनी हाच माल आणखी कमी भावानं जाणार आणि बोल आपल्याला लागणार. त्यांनी मला फोन केला. एकदा नाही, चारदा. मी कॉलेजात तास घेत होतो आणि फोन बॅगेत मुका पडला होता.

मग त्यांनी टेबलावरचा साळुंख्यांचा फोन उचलला आणि सरळ हेलनला लावला. साळुंखे म्हणाले, अहो, असा फोन करत नाहीत, आधी मेल करतात. तोवर तिकडे रिंग वाजत होती. नंदाताईंनी स्पीकर लावला. हेलननं हॅलो म्हटलं. नंदाताई उभ्याच होत्या. त्यांनी दुसरा हात टेबलावर टेकला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हेलन मॅडम, धिस इज नंदा, पॅकहाऊस. यू कॉल ऑफ, ऑर यू पुट ऑफ?"

पलीकडे हेलन मोठ्यानं हसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पुट ऑफ, नंदा. ओन्ली पुट ऑफ. टिल फ्रायडे." जहाज उशिरा सुटणार होतं, एवढंच. शुक्रवारपर्यंत माल थंड ठेवा, कुणाला देऊ नका, असं ती पुढे म्हणाली. तेही नंदाताईंनी आबांना जागच्या जागी मराठीत सांगितलं.

व्यापाऱ्याचा टेम्पो रिकामा परत गेला. तोपर्यंत बायकांनी अकरा पेट्या फोडल्या होत्या. त्या पुन्हा भरल्या. शुक्रवारी कंटेनर लागला. साळुंख्यांनी त्या दिवशी स्वतः जाऊन नंदाताईंसाठी चहा आणला. चांगलेच होते ते तसे, चूक मान्य केली. पुढच्या महिन्यात तेही माझ्या क्लासला आले आणि नंदाताईंच्या शेजारीच बसले. 'गेट ओव्हर', म्हणजे झालं-गेलं मागे टाकणं, यासमोर साळुंख्यांच्या वहीत कुणाचं नाव आहे हे मी कधी विचारलं नाही.

नंदाताईंचे चार मिस्ड कॉल पाहून मी संध्याकाळी घाबरून उलट फोन केला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "काम झालं, सर. तुमाला उगं तरास दिला." आणि फोन ठेवता ठेवता, "बरं झालं तुमी उचलला न्हाय."

मला या वाक्याचा राग यायला हवा होता. इतका आनंद शिकवण्याच्या कामानं मला त्याआधी कधी दिला नव्हता.

त्या आठवड्यात गोठ्याचा पत्राही बदलला गेला. दत्ताभाऊंनी कुणाला न सांगता इंदापूरहून नवे पत्रे आणले आणि दिवसभर वर चढून ठोकले. माझं नाव वहीतनं काढ म्हणाले. नंदाताईंनी नाव काढलं नाही. खाली फक्त तारीख लिहिली.

मी त्यांच्या मागे लागलो होतो की सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी द्या, आता इंग्रजी सहज सुटेल. त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "सोळाव्या वर्षापास्नं मी तीन डाव बसली, सर. निकालाच्या दिवशी आई दारात हुबी ऱ्हायची. ती आता न्हाय. पास झालेलं दावायचं कुणाला?" पण पुढच्या सोमवारी त्या स्वतःच फॉर्म घेऊन आल्या. "ह्ये म्हणाले, मी हुबा ऱ्हातो की दारात." परीक्षा दिली, छप्पन्न मार्क पडले. निकालाच्या दिवशी दत्ताभाऊ खरंच दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले होते, म्हैस विकायला आलेल्या माणसालाही त्यांनी तिथूनच परत पाठवलं, असं पारूआत्यांनी मला सांगितलं.

दोन वर्षं त्या क्लासला येत होत्या. हंगामात खाडे पडायचे, पण सोडला नाही. मग जानेवारीच्या अखेरीला मला सोलापूरच्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली आणि क्लास बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सगळे आले, फक्त नंदाताई नव्हत्या. त्यांच्याकडे द्राक्षांची पहिली तोडणी सुरू झाली होती. फोनवर म्हणाल्या, "सर, आज निघता येत न्हाय. पर तुमी नीट जावा." एवढंच. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोलापूरच्या एसटीत बसलो. काटेवाडी मागे पडली, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडत इंदापूरच्या दिशेनं चालली होती. एका फाट्यावर पुढे दोन ट्रॅक्टर अडकले म्हणून एसटी थांबली. खिडकीतून पाहतो तर रस्त्याकडेला, बाभळीच्या सावलीत, दहा-बारा बायका पॅकहाऊसच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मांडीवर डबे, डोक्याला स्कार्फ. आणि त्यांच्यासमोर नंदाताई उभ्या. तोच शर्ट. हातात काठी घेऊन मातीत काहीतरी लिहीत होत्या.

लिहून झालं तशा त्या वळल्या. रस्त्याच्या कडेनं चार पावलं ऐटीत चालत गेल्या, एकदम थांबल्या, कपाळावर हात मारला आणि पाठ फिरवून तेवढ्याच ऐटीत परत आल्या. मग कमरेवर हात ठेवून बायकांकडे पाहिलं. एसटीचं इंजिन घरघरत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं, पण कुठल्या तरी शेपटीवाल्या शब्दाचा अर्थ ओळखायला लावत होत्या हे कळत होतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर करून काहीतरी सांगितलं. नंदाताईंनी मान हलवली, नाही म्हणाल्या. दुसरीनं सांगितलं. तेही नाही. मग अगदी मागं बसलेली, पदराआड तोंड धरून बसणारी एक तरुण बाई उठली आणि काहीतरी बोलली, आणि नंदाताईंनी काठी टाकून तिला मिठीच मारली. सगळ्या बायका हसत होत्या.

मी काच सरकवायला गेलो. ती अडकलेली होती. तेवढ्यात पुढचा ट्रॅक्टर हलला आणि एसटी निघाली. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "ओळखीच्या हायत का?"

"हो," मी म्हणालो. "इंग्रजी शिकवतात."